पिनाईसारा धबधब्यापर्यंत : इरिओमोते बेटावरील एका दिवसाच्या वाटेचे सविस्तर मार्गदर्शन

जपानच्या इरिओमोते बेटावर, उत्तर किनाऱ्यालगत, फुनाउरा खाडी ओलांडणारा एक रस्ता आहे. त्या रस्त्यावरून दक्षिणेकडे पाहिले, की जंगलाने झाकलेल्या डोंगरकड्यावर एक पांढरी उभी रेघ दिसते. तोच पिनाईसारा धबधबा. त्याची उंची सुमारे ५५ मीटर असून ओकिनावा प्रांतातील तो सर्वांत उंच धबधबा आहे. माझ्या मते हा लपलेला धबधबा आहे. मोटारीतून दिसणाऱ्या धबधब्याला लपलेला कसे म्हणावे, असा प्रश्न कोणालाही पडेल. पण त्याच्या पायथ्याशी नेणारा रस्ता नाही, आणि मधल्या पट्ट्यात खाडीचा चिखल, खारफुटीचे जंगल, एक नदी आणि त्यामागे दाट अरण्य आहे. त्यामुळे कयाक वल्हवत नदीतून वर जायचे, नाव काठाला बांधायची आणि उरलेली वाट पायी चालायची, हाच तेथे पोहोचण्याचा रूढ मार्ग आहे.

अंतराच्या दृष्टीने ही वाट लहान आहे. सामान्य प्रकृतीचा, नियमित चालणारा माणूस ती सहज पार करू शकतो. तरीही तिचे नियोजन काळजीपूर्वक करावे लागते, कारण येथे दिवस कसा जाईल हे पायांच्या ताकदीपेक्षा दोन गोष्टी अधिक ठरवतात: खाडीतील भरती-ओहोटीची वेळ आणि वरच्या खोऱ्यात पडलेला पाऊस. पुढील सर्व सूचना या दोन गोष्टींभोवती बेतलेल्या आहेत.

बेटाची ओळख आणि प्रवेशाचे नियम

इरिओमोते हे याएयामा द्वीपसमूहातील बेट तैवानच्या पूर्वेस सुमारे २०० किलोमीटरवर, कर्कवृत्ताच्या थोडे उत्तरेस आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८९ चौरस किलोमीटर असून त्यातील जवळजवळ ९० टक्के भाग जंगलाखाली आहे. वस्ती किनाऱ्यालगतच्या मोजक्या गावांत आहे. बेटाला पूर्ण वळसा घालणारा रस्ता नाही. आग्नेय बाजूने निघणारा एकमेव मुख्य रस्ता उत्तर किनाऱ्याने जातो आणि पश्चिमेकडील शिराहामा येथे संपतो. सर्वांत उंच शिखर, कोमी-दाके, ४७० मीटरचेही नाही. मात्र उंची कमी आहे म्हणून डोंगर सोपे आहेत, असा समज करून घेऊ नये. वर्षभर ओलसर राहणाऱ्या या उपोष्ण जंगलात पायवाटा पटकन बुजतात, आणि आतल्या भागात मोबाइलला नेटवर्क मिळेल याची खात्री नसते.

जुलै २०२१मध्ये अमामी-ओशिमा, तोकुनोशिमा, ओकिनावा बेटाचा उत्तर भाग आणि इरिओमोते यांचा मिळून जागतिक वारसा यादीत समावेश झाला. इरिओमोते रानमांजर हा केवळ याच बेटावर आढळणारा प्राणी १९६५मध्ये विज्ञानजगतासमोर आला, आणि आज त्याची संख्या सुमारे १००च्या घरात असल्याचे मानले जाते. एवढ्या लहान संख्येच्या प्राण्याला मोटारीची एक धडकही महाग पडते. म्हणून बेटावर गाडी भाड्याने घेतल्यास, विशेषतः संध्याकाळनंतर, वेगमर्यादेच्याही खालीच ती चालवावी.

वारसा यादीत नाव आल्यावर गर्दी वाढेल, ही चिंता स्थानिकांना आधीपासून होती. ताकेतोमी नगरपालिकेने, जिच्या हद्दीत हे बेट येते, २०२०पासून निसर्ग-गाइडसाठी परवाना पद्धत सुरू केली. त्यानंतर १ मार्च २०२५पासून बेटावरील पाच ठिकाणी रोजच्या प्रवेशसंख्येवर मर्यादा आली. पिनाईसारा ज्या हिनाई नदीवर आहे तेथे ही मर्यादा दिवसाला २०० व्यक्तींची आहे, तर शेजारच्या निशिदा नदीवर ती १०० व्यक्तींची आहे. या ठिकाणी जाण्यासाठी आगाऊ अर्ज करावा लागतो आणि मान्यताप्राप्त गाइड सोबत असावा लागतो. व्यवहारात अर्जाची बरीचशी प्रक्रिया गाइडच पूर्ण करून देतात. आपण फक्त नावे, तारीख आणि विचारलेली माहिती वेळेवर द्यावी.

एकट्याने, आपल्या मनाप्रमाणे भटकणाऱ्याला हा नियम जाचक वाटेल. माझ्या मते तो योग्य आहे. धबधब्याची वाट काही ठिकाणी एका माणसाच्या रुंदीची असून ती झाडांच्या उघड्या मुळांवरून जाते. तेथे शेकडो बूट रोज पडू लागले, तर माती वाहून जाऊन वाटच उरणार नाही.

गाइड निवडताना केवळ दर पाहू नये. एका गाइडबरोबर किती माणसे असतील, धबधब्याच्या पायथ्याशी जायचे आहे की माथ्यावर की दोन्ही ठिकाणी, हवामान बिघडल्यास रद्द करण्याचा निर्णय कोण आणि केव्हा घेतो, पैसे परत मिळतात का, आणि इंग्रजीत सूचना मिळतील का, एवढे प्रश्न आधी लेखी विचारून घ्यावेत. शेवटच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नये. नदीत अडचण आली तर ‘थांबा’ आणि ‘मागे फिरा’ हे शब्द तत्काळ समजले पाहिजेत. ‘पाऊस आला तरी आम्ही जातोच’ असे अभिमानाने सांगणाऱ्यापेक्षा, कोणत्या परिस्थितीत आपण जात नाही हे स्पष्ट सांगणारा गाइड निवडावा.

कोणत्या महिन्यात जावे

बेटावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बाराही महिने विभागलेला असतो. त्यामुळे पूर्णपणे कोरडा ऋतू शोधण्यात अर्थ नाही. साधारणतः मेच्या सुरुवातीपासून जूनच्या उत्तरार्धापर्यंत मुख्य पावसाळा असतो. तो संपला, की जूनच्या अखेरीस आणि जुलैच्या सुरुवातीस हवा बऱ्यापैकी स्थिर होते, धबधब्याला भरपूर पाणी असते आणि नदीत पोहता येईल इतके ते उबदार असते. याच दिवसांत नदीकाठी सागारिबाना नावाची फुले रात्री उमलतात आणि पहाटे पाण्यावर गळून पडतात; ती पाहायची असतील तर अंधारातच निघणाऱ्या सहलीची वेगळी नोंदणी करावी.

जुलै ते सप्टेंबर हा चक्रीवादळांचा मुख्य काळ आहे. वादळ प्रत्यक्ष बेटावर आले नाही, तरी दूरच्या वादळाच्या लाटांमुळे बोटी बंद होतात. या काळात जायचेच असेल, तर परतीचे विमान आणि धबधब्याचा दिवस यांत किमान दोन मोकळे दिवस ठेवावेत. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ मला चालण्यासाठी सर्वांत चांगला वाटतो: उकाडा कमी झालेला असतो आणि गर्दीही ओसरलेली असते. डिसेंबर ते फेब्रुवारीत तापमान बहुधा १५ ते २० अंशांच्या आसपास राहते, पण भिजलेल्या अंगावर उत्तरेचा वारा लागला की हेच तापमान बोचरे वाटते.

भरती-ओहोटीचे गणित

तारीख नक्की करण्यापूर्वी या भागाकडे लक्ष द्यावे, कारण बहुतेक पर्यटक तो गाइडवर सोडून देतात आणि मग चिखलातून नाव का ओढावी लागते आहे, हे त्यांना समजत नाही.

फुनाउरा खाडी अतिशय उथळ आहे. उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत दोन मीटरच्या जवळपास फरक पडू शकतो. ओहोटीला खाडीचा मोठा भाग उघडा पडतो; नदीच्या खालच्या टप्प्यात वाळूचे दांडे आणि खडक वर येतात, आणि कयाक वल्हवण्याऐवजी उतरून ढकलावा लागतो. भरतीला तोच कयाक खारफुटीच्या फांद्यांमधून थेट जंगलातील पायवाटेच्या तोंडापर्यंत अलगद जातो. नदीच्या या टप्प्याला उतार इतका कमी आहे, की प्रवाहाची दिशासुद्धा बऱ्याच अंशी समुद्र ठरवतो: भरती चढत असताना पाणी आपल्याला वर नेते आणि उतरताना खाली.

पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, येथे सकाळी व संध्याकाळी पाणी भरलेले असते आणि दुपारच्या सुमारास तळ गाठते. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, याच्या जवळजवळ उलट स्थिती असते: दुपारी पाणी भरलेले असते, मात्र चढ-उतार थोडाच असतो. दिवसभराच्या सहलीसाठी हे भांगाचे दिवस सोयीचे असतात, कारण जाताना आणि येताना, दोन्ही वेळा कयाक चालेल इतके पाणी मिळण्याची शक्यता अधिक असते. उधाणाच्या दिवशी जायचे असेल, तर पहाटे लवकर निघून पाणी उतरण्यापूर्वी वर पोहोचावे, किंवा ओढण्याची तयारी ठेवावी. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून एका दिवसाचा अनुभव तीन दिवसांनंतरच्या बेतासाठी उपयोगी पडत नाही. शिवाय तिथी तीच असली तरी प्रत्येक किनाऱ्याची भरतीची वेळ वेगळी असते. आपल्या ओळखीच्या किनाऱ्याचा हिशेब येथे लावू नये. जपानची हवामान संस्था इशिगाकी या शेजारच्या बेटासाठी भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करते. त्यातील आपल्या दिवसाच्या चारही वेळा कागदावर उतरवून घ्याव्यात आणि गाइडशी बोलताना त्या समोर ठेवाव्यात.

बेटापर्यंतचा प्रवास

इरिओमोतेवर विमानतळ नाही. भारतीय पारपत्रधारकांनी जपानचा व्हिसा वेळेत काढून तोक्यो, ओसाका किंवा नाहा येथून इशिगाकीला विमानाने पोहोचावे. इशिगाकी विमानतळावरून बसने बंदराजवळच्या बोटींच्या टर्मिनलवर जाता येते. तेथून इरिओमोतेच्या दोन बंदरांना वेगवान बोटी सुटतात: दक्षिणेकडील ओहारा आणि उत्तरेकडील उएहारा. दोन्हींना साधारण पाऊण तास लागतो. पिनाईसारासाठी उएहारा जवळचे आहे.

येथे एक अडचण नेहमी उद्भवते. हिवाळ्यात उत्तरेचा वारा वाढला, की उएहाराच्या फेऱ्या रद्द होतात आणि ओहाराच्या मात्र चालू राहतात. अशा वेळी बोट कंपन्या बहुधा ओहारापासून उएहारा भागापर्यंत बसची सोय करतात, पण त्यात तासाभराचा वेळ जास्त जातो. इशिगाकीहून सकाळी निघून त्याच दिवशी धबधबा गाठण्याचा बेत म्हणूनच नाजूक असतो. आदल्या रात्री बेटावर मुक्काम करावा, विशेषतः नोव्हेंबर ते मार्च या काळात.

निवासस्थाने लहान आहेत आणि काही ठिकाणी फक्त रोख रक्कम चालते, तेव्हा इशिगाकीलाच पैसे काढून ठेवावेत. शाकाहारी व्यक्तींनी खाण्याची व्यवस्था आधी पाहावी. स्थानिक सोबा नूडल्सचा रस्सा डुकराचे मांस आणि वाळवलेल्या माशांपासून बनतो. वरचे मांसाचे तुकडे काढून मागितल्याने तो पदार्थ शाकाहारी होत नाही. सहलीत जेवण समाविष्ट असेल तर हे नोंदणीच्या वेळीच कळवावे.

सोबत काय घ्यावे

पायांपासून सुरुवात करावी. या वाटेवर चिखल, ओली मुळे, शेवाळलेले कातळ आणि गुडघ्याएवढे पाणी हे सर्व एकाच दिवशी लागते, आणि चामड्याचे गिर्यारोहणाचे बूट त्यांपैकी कशासाठीच योग्य नाहीत. एकदा भिजले की ते जड होतात आणि दिवसभर वाळत नाहीत. पाणी लगेच निथळून जाणारे, टाच पक्की धरणारे आणि निसरड्या दगडासाठी बनवलेल्या तळव्याचे बूट हवेत. बहुतेक गाइड असे बूट देतात. आपले माप सेंटिमीटरमध्ये आधी कळवावे, कारण जपानमध्ये बुटांची मापे तशीच मोजली जातात. रबरी चपला आणि उघडी सँडल मुळीच नको.

कपडे लवकर वाळणारे, लांब बाह्यांचे आणि लांब पायांचे असावेत. उन्हाळ्यातसुद्धा हा सल्ला लागू आहे, कारण अदानच्या, म्हणजे केवड्याच्या जातीच्या झुडपांच्या पानांना काटे असतात, डास आणि कधीकधी जळवाही असतात. जीन्स घालू नये. हिवाळ्यात गाइडकडून वेटसूट मागून घ्यावा आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, ठेवावा. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून पाठीवरची पिशवीच घ्यावी. पिण्याचे पाणी प्रत्येकी किमान दोन लिटर सोबत असावे. नदीचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी पिऊ नये. त्याचे कारण पुढे येईल. वाटेवर शौचालय नाही, म्हणून बंद होणारी वापरून-टाकायची शौच-पिशवी जवळ ठेवावी आणि वापरल्यास ती परत आणावी. नियमित औषधे, मलमपट्टी आणि शिट्टी एवढे पुरेसे आहे.

निघण्यापूर्वी बुटांच्या तळव्यांतील आणि पिशवीच्या शिवणीतील माती, बिया घासून काढाव्यात. बाहेरून आलेल्या वनस्पतींची बीजे बेटावर नेणारे वाहन बहुतेक वेळा आपले बूट असते.

कयाकचा टप्पा

बहुतेक सहली मुख्य रस्त्यावरून जंगलात उतरून, खारफुटीने वेढलेल्या लहान नदीच्या काठावरून सुरू होतात आणि पुढे हिनाई नदीच्या पात्रात शिरतात. वल्हवण्याचा वेळ पाणी आणि वारा यांवर अवलंबून असला तरी साधारण अर्धा तास धरावा. पूर्वी कधी कयाक चालवला नसेल, तरी घाबरण्याचे कारण नाही. येथील पाणी शांत असते. वल्हे घट्ट आवळून धरू नये, पाठ ताठ ठेवावी आणि फक्त दंडांनी न ओढता कमरेतून वळत पाणी मागे ढकलावे. लाइफ जॅकेटच्या सर्व पट्ट्या लावलेल्या असाव्यात. उकाड्यामुळे त्या सैल करण्याचा मोह होतो, पण सैल जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून जाते.

जपानमध्ये खारफुटीच्या सात जाती आढळतात आणि त्या सातही इरिओमोतेवर आहेत. समुद्राच्या बाजूला कमानीसारखी मुळे चिखलात रोवून उभी असलेली याएयामा-हिरुगी दिसेल, तर आत गेल्यावर गुडघे दुमडल्यासारखी मुळे वर काढणारी ओ-हिरुगी. या मुळांचे काम झाडाला आधार देण्यापुरते नाही. हवा न शिरणाऱ्या चिखलात ती श्वासही घेतात. त्यामुळे मुळांमध्ये कयाक घुसवू नये आणि फांद्या धरून वळू नये. अरुंद भागात समोरून दुसरा गट आला, तर एका बाजूला सरकून थांबावे. चिखलावर उड्या मारणारे लहान मासे आणि एक नांगी मोठी असलेले खेकडे पाहायचे असतील, तर वल्हे मांडीवर ठेवून दोन मिनिटे स्थिर राहणे पुरते.

नावा बांधण्याच्या जागी पोहोचल्यावर आपला कयाक भरतीच्या कमाल रेषेच्या वर ओढला गेला आहे, किंवा दोरीने झाडाला नीट बांधला आहे, याची स्वतः खात्री करावी. हे काम गाइडचे असले तरी दुसऱ्या डोळ्यांनी पाहिल्याने नुकसान होत नाही. उतरलेले पाणी पुन्हा चढते आणि सैल नाव घेऊन जाते.

जंगलातील वाट

येथून वाट दोन दिशांना फुटते. धबधब्याच्या पायथ्याचा डोह साधारण १५ ते २० मिनिटांवर आहे. माथ्यावर जाणारी वाट चढणीची असून तिला पाऊण ते एक तास लागतो. दोन्ही ठिकाणे करायची असतील, तर पूर्ण दिवस ठेवावा आणि शक्यतो माथा आधी करावा. डोहात पोहून थकलेल्या, थंड पडलेल्या पायांनी चढणे कष्टाचे होते.

वाटेत साकिशिमा-सुओ नावाचा वृक्ष लागतो. त्याची आधारमुळे खोडापासून फळीसारखी उभी पसरतात आणि वळणे घेत दूरवर जातात. त्यांच्यावर चढून छायाचित्र काढण्याची अनेकांना इच्छा होते. ती आवरावी, कारण या मुळांना झालेली जखम कुजत जाते.

चालताना पाऊल मुळावर ठेवू नये. शक्य तेथे दोन मुळांमधल्या मातीवर किंवा दगडाच्या कोरड्या, खडबडीत भागावर ठेवावे. ओले मूळ आडवे असेल तर त्यावर पाय घसरतोच. दगडांच्या राशीवर एका वेळी एकच अवयव हलवावा आणि उरलेले तीन टेकलेले ठेवावेत. आधारासाठी झाड धरण्यापूर्वी हात कोठे पडतो आहे ते पाहावे. येथे साकिशिमा हाबू हा विषारी साप आढळतो. तो प्रामुख्याने रात्री फिरतो आणि दिवसा दगडांच्या कपारीत किंवा पानांच्या ढिगात पडून असतो, म्हणून न दिसणाऱ्या जागेत हात घालू नये, एवढी एक सवय पाळली तरी धोका बराच कमी होतो. दंश झाल्यास चिरा देणे किंवा तोंडाने विष ओढणे हे प्रकार करू नयेत. व्यक्तीला शांत बसवून गाइडमार्फत मदत मागवावी. अळूसारखी मोठी पाने असलेली कुवाझुइमो ही वनस्पती वाटेवर मुबलक आहे आणि ती विषारी आहे. आपल्या ओळखीच्या अळूशी तिचे साम्य फार असल्याने हे मुद्दाम सांगितले.

डोहापाशी पोहोचल्यावर पोहण्याची परवानगी गाइडला विचारावी. धबधब्याच्या नेमक्या खाली उभे राहू नये. पाण्याबरोबर दगड आणि लाकडाचे तुकडे वरून येऊ शकतात, आणि ५५ मीटरवरून पडणारा मुठीएवढा दगडही जीवघेणा असतो. डोहाच्या तळाशी मोठे खडक आहेत, त्यामुळे सूर मारणे पूर्णपणे टाळावे.

माथ्यावरचे दृश्य वेगळ्याच प्रकारचे आहे. नदी सपाट कातळावरून शांतपणे वाहत येते आणि अचानक संपते. समोर फुनाउरा खाडी, सकाळी पार केलेला रस्ता आणि दूरवर हातोमा बेट दिसते. कड्याला कठडा नाही. ओल्या कातळावर कडेपासून काही मीटर मागेच थांबावे, छायाचित्रासाठी मागे पावले टाकू नयेत आणि मुलांना हाताला धरूनच ठेवावे. कडेपर्यंत रांगत जाऊन खाली डोकावण्याचा प्रकार काही जण करतात. त्यातून खालून जे दिसते त्यापेक्षा विशेष काही दिसत नाही.

पाऊस आला तर

इरिओमोतेच्या नद्यांची खोरी लहान आणि उताराची आहेत. त्यामुळे वर पडलेला पाऊस फार थोड्या वेळात खाली पोहोचतो, आणि आपल्या डोक्यावर ऊन असतानाही नदी फुगू शकते. म्हणून केवळ आकाशाकडे न पाहता पाण्याकडे पाहत राहावे. पोहोचल्याबरोबर काठावरचा एखादा ठळक दगड निवडून त्यावर पाणी कोठपर्यंत आहे ते ध्यानात ठेवावे आणि दर काही मिनिटांनी पुन्हा पाहावे. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागले, त्यात ताजी पाने आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, धबधब्याचा आवाज जड झाला किंवा मातीचा वास तीव्रपणे येऊ लागला, तर सामान आवरण्यात वेळ न घालवता आधी उंच जागी जावे. नदीच्या पलीकडे अडकले असल्यास ओलांडण्याचा प्रयत्न करू नये. अशा लहान खोऱ्यांतील पूर जसा चटकन चढतो तसा बहुधा पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतोही. अंधार पडेल म्हणून घाईने पाण्यात उतरणे हे रात्र जंगलात काढण्यापेक्षा अधिक धोकादायक आहे.

निघण्याच्या सकाळी हवामान संस्थेच्या संकेतस्थळावरील पावसाचे रडार-चित्र पाहावे. अतिवृष्टीचा किंवा विजांचा इशारा असेल आणि गाइडने सहल रद्द केली, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. तातडीच्या मदतीसाठी जपानमध्ये रुग्णवाहिका व अग्निशमनासाठी ११९, पोलिसांसाठी ११० आणि समुद्री संकटासाठी तटरक्षक दलाचा ११८ हा क्रमांक आहे. बेटावर मोठे रुग्णालय नाही. गंभीर रुग्णाला इशिगाकीला हलवावे लागते. प्रवास विम्यात बाहेर काढण्याचा खर्च धरलेला आहे की नाही, हे म्हणूनच वाचून घ्यावे.

परवानगी मिळाली नाही तर

हिनाई नदीची त्या दिवसाची संख्या भरली असेल, तर निशिदा नदीवरील सांगारा धबधबा हा पर्याय आहे. त्यालाही गाइड आणि अर्ज आवश्यक आहे. त्याची उंची कमी असली तरी पाण्याच्या पडद्यामागे उभे राहता येते, आणि कयाक व पायवाट यांचा क्रम तोच आहे.

गाइडशिवाय जायचे असेल, तर उराउची नदीचा मार्ग घ्यावा. ही ओकिनावा प्रांतातील सर्वांत लांब नदी असून तिच्या मुखापासून सुमारे आठ किलोमीटर आतपर्यंत प्रवासी बोट जाते. बोट जेथे सोडते तेथून चांगल्या पायवाटेने पाऊण तासाच्या आत मारियुदू धबधब्याचे दर्शनस्थळ येते, आणि त्याच्या थोडे पुढे कातळावरून पसरत उतरणारा कानपिरे धबधबा आहे. मारियुदूच्या डोहाकडे उतरण्यास मनाई आहे, ती पाळावी. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून घ्यावी. कानपिरेच्या पुढे बेट आडवे ओलांडणारी वाट सुरू होते, पण ती दिवसाच्या फेरफटक्याची वाट नाही. तेथे वाट चुकण्याचे प्रकार घडले आहेत.

परतीनंतर

परत निघण्याची वेळ सकाळीच ठरवून ठेवावी आणि ती भरतीच्या तक्त्यावरून ठरवावी, सूर्यास्तावरून नव्हे. जपानच्या पश्चिम टोकाला असल्याने येथे सूर्य उशिरा मावळतो: जूनच्या अखेरीस साडेसातनंतर, तर डिसेंबरातही सहाच्या सुमारास. उजेड भरपूर आहे म्हणून डोहापाशी रेंगाळणाऱ्यांना परतताना खाडीत पाणी उरलेले नसते.

मुक्कामी पोहोचल्यावर साबणाने स्वच्छ स्नान करावे, अंगावरच्या ओरखड्यांवर जंतुनाशक लावावे आणि बूट धुवावेत. याएयामा भागातील नद्यांमधून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. प्राण्यांच्या मूत्रातून पाण्यात आणि मातीत मिसळणारे हे जिवाणू जखमेतून, डोळ्यांतून किंवा तोंडावाटे शरीरात शिरतात. नदीचे पाणी न पिण्याचे आणि ताजी जखम असताना पाण्यात न उतरण्याचे कारण हेच आहे. लक्षणे बहुधा एक ते दोन आठवड्यांनी दिसतात, म्हणजे तोपर्यंत प्रवासी घरी पोहोचलेला असतो आणि सहलीशी संबंध जोडण्याचे कोणाच्याच ध्यानात येत नाही. अचानक तीव्र ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत वेदना आणि डोळे लाल होणे, यांपैकी काही सुरू झाल्यास डॉक्टरांकडे जाऊन इरिओमोतेच्या नदीत उतरल्याची तारीख स्वतःहून सांगावी. लवकर ओळखल्यास या आजारावर प्रतिजैविकांचा उपचार चांगला लागू पडतो.